टोपलीच्या तळाशी कागदाच्या पट्ट्या नकोत

मा. संपादक,
स. न.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत 24 घरे आहेत. दिवाळीला घरटी 200 रुपये निघतात. त्या 4,800 रुपयांत घंटागाडीवरचे कर्मचारी, वॉचमन, जिना पुसणाऱ्या मावशी, पेपर टाकणारी मुले, इस्त्रीवाले काका अशा 22 जणांसाठी भेटीच्या टोपल्या भरण्याचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. टोपलीमागे 218 रुपये येतात. एवढ्यात काय येणार, असे दरवर्षी कोणीतरी विचारते, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षी मी तयार टोपल्या आणल्या. वरून चकाकणारा कागद होता. आत निम्म्यापर्यंत रंगीत कागदाच्या पट्ट्या, त्यावर दोन चॉकलेटे, बिस्किटांचा एक पुडा आणि सुगंधी मेणबत्ती. बिस्किटांची मुदत दिवाळीनंतर आठवड्यातच संपत होती. भाऊबीज झाल्यावर घंटागाडीवरच्या ताई भेटल्या. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, मेणबत्ती छान होती, पण लाइट गेली तेव्हा लावली, तर जरा वेळातच संपली.’’ त्या तक्रार करत नव्हत्या, मी विचारले म्हणून सांगितले. मला मात्र फार लागले.

तेव्हापासून मी आधी विचारून घेते. त्याच ताईंनी पायाच्या टाचा दाखवल्या होत्या. ओल्या कचऱ्यात उभे राहून भेगांतून रक्त येत होते. काष्ठौषधीच्या दुकानात कोकम तेलाची वडी मिळते, मला ती 30 रुपयांना पडते. पळीत थोडी वितळवून कोमट असतानाच भेगांत भरायची आणि वर जुना मोजा घालून झोपायचे. ही वडी आता प्रत्येक टोपलीत असते. दुसऱ्या वर्षी मावशींनी आपण होऊन विचारले, ‘‘ते तेल आहे ना यंदा?’’

गणपती उठले की मी वही घेऊन मेन रोडला उतरते. दहीपूल, भांडी बाजार, बोहोरपट्टी या पट्ट्यात सकाळी अकराच्या आत फिरले तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो आणि डझनाचा भाव मिळतो. नवरात्र संपले की तिथे पाय ठेवायला जागा राहत नाही, मग सुट्या नगाचा भाव द्यावा लागतो. मी सगळे दोन डझन घेते. दोन नग उरतात, ते ऐनवेळी बदलीवर आलेल्या माणसाला देता येतात. स्टीलची चहाची गाळणी, उटण्याची पुडी, चार पणत्या, वातींचे बंडल, थोडा चिवडा. बेदाणा मात्र मी दिवाळीत घेत नाही. निफाडकडे आमचे नातेवाईक बागायतदार आहेत. उन्हाळ्यात नवा माल तयार झाला की त्यांच्याकडून अडीच किलो आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या घरी बांधते.

टोपली म्हणजे बुरडाकडची बांबूची परडी, 45 रुपयांची. ती नंतर कांदे-लसूण ठेवायला कामी येते. वर प्लॅस्टिक गुंडाळत नाही. मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायच्या प्लॅस्टिक फिल्मवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, मग परडीवर तरी ती कशाला? मी सुती रुमालाची गाठ मारते. रुमालही वापरात जातो आणि परडी लहान असल्याने गच्च भरलेली दिसते.

आता माझी अडचण. दिवाळीच्या आधी शहरात बचत गटांचे स्टॉल लागतात. पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांचे नागलीचे पापड, आवळ्याची सुपारी, मसाले मला टोपलीत घालायचे असतात. पण पाकीट अर्ध्या किलोचे किंवा पाव किलोचे! एकेका टोपलीत पाव किलो पापड घालायला आमच्याकडे पैसे नाहीत. पन्नास ग्रॅमची पाकिटे केली, त्यावर तयार केल्याची तारीख आणि मुदत नीट छापली, तर माझ्यासारखी बाई एकाच वेळी दोन डझन उचलेल. आमच्यासारख्या सोसायट्या या शहरात पुष्कळ आहेत. लहान पाकिटाला वेष्टनाचा खर्च जास्त येतो हे मला कळते. त्यासाठी नगामागे दोन-तीन रुपये जास्त द्यायला आम्ही तयार आहोत.

स्टॉल भरवणाऱ्यांनी हे गटांपर्यंत पोहोचवावे आणि स्टॉल दिवाळीच्या आठवड्यात लावण्याऐवजी पंधरा दिवस आधी लावावेत, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून करावी. वसुबारसेला आमच्या टोपल्या बांधून तयार असतात. त्यानंतर आलेला माल कितीही चांगला असला तरी आमच्या उपयोगाचा नसतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक