विधवेची दमडी आणि माईकवरची नावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका मराठी चर्चमध्ये सुगीच्या सणाला झालेल्या लिलावाची बातमी आपण फोटोसह छापलीत, त्याबद्दल आभार. नाताळचा तारा आणि केक यापलीकडे आमच्या सणांविषयी फारसे काही छापून येत नाही. पण बातमीचा सगळा भर एका भोपळ्याला किती हजार आले आणि ते कुणी मोजले यावर होता. म्हणून हे पत्र.

सण माहीत नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. सुगीला लोक आपल्या पिकातला पहिला वाटा देवाला आणून देतात. नगरकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत (चर्चच्या सभासदांच्या समूहाला आम्ही मंडळी म्हणतो) बाजरीची कणसे, तुरीच्या शेंगा, गावरान कोंबड्या, अंडी असे सगळे वेदीपुढे येते. पुण्यात आमच्यापैकी बहुतेकांकडे शेत नाही, त्यामुळे आमची सुगी आदल्या संध्याकाळी शिवाजी मार्केटात पिकते. उपासना झाली की आवारात लिलाव होतो. बोली जिंकणारा वस्तू घरी नेत नाही, पुन्हा लिलावाला देतो, आणि एकच नारळ चार जणांच्या हातांतून फिरतो. पोरे ओरडतात, म्हातारे एकमेकांना डिवचतात. मला हे सगळे आवडते आणि ते बंद व्हावे असे माझे मुळीच म्हणणे नाही.

खटकते ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे. आधी उपदेश होतो, आणि सुगीला तो हमखास बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायावर असतो: मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकणारी गरीब विधवा. 'तिने सर्वस्व दिले, तुम्ही काय देता?' नंतर माईकवर नावे आणि आकडे वाचले जातात, मोठ्या रकमेपासून खाली. दहा-वीस रुपये देणाऱ्यांपर्यंत यादी पोचतच नाही. मग जेवण.

मी निवृत्त परिचारिका आहे. बरीच वर्षे आमच्या मंडळीत अर्पण मोजायला बसत आले आहे. उपासनेनंतर आतल्या खोलीत आम्ही तिघे बसतो, नाण्यांच्या चवडी लावतो, वहीत आकडा लिहून सह्या करतो. पिशवीतून आलेली चुरगळलेली नोट कुणाची, हे आम्हालाही कळत नाही, आणि ते चांगलेच आहे. आता खांबावर क्यूआर कोड चिकटवला आहे, म्हणजे खजिनदारांच्या फोनवर रक्कम नावासकट येते. (दुकानातला तो बोलणारा डबा अजून वेदीजवळ आलेला नाही, हे नशीब.) धुणीभांडी करणारी आमची एक बहीण दरवर्षी मेथीच्या जुड्या आणायची. एका वर्षी त्यांवर कुणी बोलीच लावेना, लिलाव करणाऱ्याने माईकवर विनोद केला, शेवटी पाळकबाईंनी (आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीने) त्या घेतल्या. तेव्हापासून ती बहीण आशीर्वाद झाला की लगेच घरी जाते.

त्या उताऱ्याविषयी आमच्या उपदेशकांना माझी विनंती आहे, वाचन दोन ओळी आधीपासून सुरू करा. विधवा येण्याच्या अगदी आधीच्या वचनांत येशू शास्त्र्यांवर, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांवर, तुटून पडला आहे: लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, सभास्थानात पुढच्या जागा धरणारे, आणि विधवांची घरे गिळणारे. लगेच खाली विधवा येते आणि शेवटची दमडी टाकून जाते. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य मंदिराचे प्रचंड चिरे दाखवतात, तेव्हा तो म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. मोशेच्या नियमशास्त्रात तिसऱ्या वर्षीचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाता यावे म्हणून राखून ठेवलेला होता. म्हणजे ज्या बाईला मिळायला हवे होते, तीच देत होती. येशूने तिचे मोठेपण पाहिले यात शंका नाही. पण त्याने तिला हाक मारली नाही. तो बोलला शिष्यांशी. आपले कौतुक झाले हे त्या बाईला बहुधा कळलेही नसेल.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीकडून, म्हणजे करिंथकरांकडून, पत्र लिहून वर्गणी मागितली ती यरुशलेमेतल्या गरिबांसाठी, इमारतीसाठी नाही. मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल असून आम्हालाही देऊ द्या म्हणून त्याच्या मागे लागले, हे तो कौतुकाने लिहितो. तरी करिंथकरांना सांगतो की जे आहे त्या मानाने द्या, नाही त्या मानाने नको. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण असे मला नको, असेही तो लिहितो. त्याग असा ज्याचा त्याने करायचा असतो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. पगार त्यांनी स्वतःचा सोडला, मंडळीचा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या, तेव्हा ठरलेल्या उत्पन्नाचा भरवसा नसताना केडगावला त्यांना ठेवून घेण्याचे ओझे त्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावर घेतले. आज घरातला पुरुष चर्चमध्ये मोठा आकडा बोलतो आणि महिनाअखेर किराण्याच्या यादीतून तेल-डाळ बायको कापते. त्या त्यागाची पावती कुणाच्या नावाने फाडायची?

माझ्यासोबत वॉर्डात काम केलेल्या एका मिझो सिस्टरने तिच्या घरची रीत सांगितली होती. तिथे आई स्वयंपाकाला तांदूळ काढते तेव्हा दर वेळी एक मूठ चर्चसाठी वेगळी ठेवते. साठलेले तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि त्यातून चर्चचे काम चालते. मिझोराममध्ये हे शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. सगळ्यांचे तांदूळ एकत्र झाले की कुणाची मूठ कुठली ते सांगता येत नाही. भाताशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्यांनी रोज आपल्याच घासातून काढलेले ते असते.

मी आमच्या कमिटीला लेखी कळवले आहे: नावे वाचू नका, फरशीवर कोरू नका. लिलाव खुशाल करा, पण आणलेल्या वस्तू एकत्र करून टोपल्या लावा आणि बोली टोपलीवर होऊ द्या, म्हणजे मेथीची जुडीही भोपळ्याबरोबर जाईल. आणि जमलेल्यातला ठरलेला वाटा मंडळीबाहेर जाऊ द्या. ससूनमध्ये रुग्णाजवळ थांबलेल्या बाहेरगावच्या नातेवाइकांना दोन वेळचे जेवण देणे हे मला अगदी जवळचे काम दिसते. नोकरीत असताना बिस्किटावर रात्र काढणारे असे लोक मी खूप पाहिले. त्यांचा धर्म विचारायची गरज नाही.

यावर एक वडीलधारे म्हणाले, "सिस्टर, नावे वाचली नाहीत तर जमा निम्म्यावर येईल." येईलही. मग छताचे पत्रे एक वर्ष उशिरा बदलू. पत्र कमिटीच्या पुढच्या बैठकीत वाचले जाणार आहे, असे सचिवांनी फोनवर कळवले आहे.

— एक निवृत्त परिचारिका, घोरपडी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)