गाडी कोण चालवणार?

प्रिय मनू,

काल तू फोन रागानं ठेवलास. मी फक्त विचारलं, "आज गाडी कोण चालवणार?" आणि तू म्हणालीस, "बाबा, दर वेळी हेच का?" खरं आहे, दर वेळी हेच. म्हणून आज ठरवून बसलोय, त्या विषयावर लिहायचं नाही.

दादानं पाठवलेली तुमच्या बँडच्या कार्यक्रमाची क्लिप सहा वेळा पाहिली. शेवटच्या गाण्यात तू ड्रमच्या काठ्या वर धरून दोन मात्रा थांबतेस आणि सगळे तुझ्याकडे बघत राहतात, तिथे मला श्वास घ्यायचंही सुचत नाही. जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर तुझ्या काठ्यांचे वण अजून आहेत. आजी त्यावर कापड घालते, मी काढून ठेवतो. तेव्हा "पुरे आता" म्हणून तुझ्यावर ओरडणारा मीच होतो.

पण मनू, कालचा तुझा दिवस मोजून बघ. सकाळी सातला उठलीस. चारला साउंड चेक, अकराला कार्यक्रम संपला. मग ड्रमसेट सुटा करायचा, स्टँड, अँप्लिफायर, केबल सगळं गाडीत चढवायचं, त्यात तास गेला. स्टिअरिंगवर हात पडेपर्यंत १७ तास झाले होते. इतकं जागरण झालेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी तू थेंबाला शिवत नाहीस, त्याचा मला केवढा अभिमान आहे! आणि पुढे सहाशे किलोमीटर. त्यातले रात्री दोन ते पहाटे सहा हे तास तर शरीर झोपच मागतं, कितीही तरुण असलं तरी.

बघ, आलोच त्यावर. भाषण झालं, माफ कर. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही.

तू सहा वर्षांची होतीस. मावशीकडून निघायला उशीर झाला होता. मी काच खाली केली, रेडिओ मोठा केला. वाटलं, भागेल. पुढे एका ट्रकचे दोन लाल दिवे होते. मग ते नव्हते. डोळे मिटल्याचं मला आजही आठवत नाही. डाव्या चाकांखाली खडी खडखडली, त्या आवाजानं जाग आली आणि गाडी रस्त्याच्या कडेला होती. आईला म्हटलं, चाक बघतो. खाली उतरून दोन्ही हात बोनेटवर टेकले. ते चांगलंच तापलेलं होतं, तरी हात उचलवेनात. मागून तू झोपेतच विचारलंस, "घर आलं?"

आई अजून समजते, हवा कमी होती.

ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर, आणि तेवढ्यात चालवणारं कुणी नसतं. मी किती सेकंद नव्हतो, कोण जाणे. कॉफीवर भरवसा ठेवू नकोस, तिचा असर व्हायला अर्धा तास लागतो. ती पिऊन गाडी सुरक्षित जागी उभी कर आणि वीस मिनिटं झोप, मग थोडा वेळ निभतं. थोडाच. गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही, मी लावली होती.

तुम्हाला एक दिवस चुकवणं परवडत नाही, हे मला कळतं. पुढच्या गावी चारला पुन्हा साउंड चेक असतो. तरी जमेल तिथे तिथेच झोपा आणि उजाडल्यावर निघा. खोलीचे पैसे मी पाठवतो. चिडू नकोस, उधार समज. आणि निघावंच लागलं तर गाडी कोण चालवणार हे कार्यक्रमाच्या आधी ठरवा, आणि त्यानं दुपारी झोप काढावी. शेजारी बसणाऱ्यानं जागं राहायचं. तुझी पाळी असेल तेव्हा "मला जमणार नाही" म्हणायला लाजू नकोस. मी लाजलो होतो. आई शेजारी होती, नुसतं म्हणायचं होतं.

पुढची क्लिप दादाकडून नको, तूच पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. मागच्या सीटवर झोपलीस तरी पट्टा लाव. आणि तो मोठा अँप्लिफायर सीटच्या पाठीमागे नुसता ठेवू नका, बांधा.