आयताकृती घड्याळाची खोटी मापं, चुकीचा सल्ला आणि बदलून देण्यास नकार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: एकाच मालिकेतील क्वार्ट्झ आणि ऑटोमॅटिक घड्याळांबद्दल दिलेली चुकीची माहिती

महोदय,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. माझी तक्रार ‘निकाली काढण्यात आली’ असं मला सांगण्यात आलं. काय निकाल लागला, ते विचारलं तर उत्तर नाही. म्हणून आता लेखी देते आहे, आणि हे पत्र हेल्पलाइनकडे परत न पाठवता तुम्ही स्वतः वाचावं अशी माझी अपेक्षा आहे.

तुमच्या आयताकृती मालिकेतलं रोमन आकड्यांचं, काळ्या चामडी पट्ट्याचं मॉडेल. तेच डायल, तेच निळे काटे, क्वार्ट्झमध्येही (सेलवर चालणारं) मिळतं आणि ऑटोमॅटिकमध्येही (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं). मला ते फक्त औपचारिक कपड्यांवर घालायला हवं होतं, म्हणजे महिन्यातून मोजक्या वेळा आणि पूर्ण बाहीच्या शर्टाखाली. विकत घेण्यापूर्वी तुमच्या चॅटवर मी दोनच गोष्टी विचारल्या. दोन्हींची जाडी सारखी आहे का? आणि घड्याळ बरेच दिवस कपाटात राहणार असेल तर कुठलं घ्यावं? तुमचं उत्तर पत्रासोबत जोडलं आहे: ‘दोन्हींची जाडी 7.4 मिमी. ऑटोमॅटिक घ्या, सेलची कटकट नाही, कधीही काढा, कधीही घाला.’

यातलं सेल नसतो एवढंच खरं आहे. बाकी सगळं चुकीचं.

घड्याळ आल्यावर पहिल्यांदा घातलं तेव्हा शर्टाची बाही त्याच्यावर चढेना. कफ काचेच्या कडेला अडकून वर राहतो आणि हात सरळ केला तरी खाली येत नाही. व्हर्निअर कॅलिपरने मोजलं तर जाडी 10.9 मिमी भरली. मागच्या काचेतून आत पाहिलं की कारणही दिसतं. आयताच्या मधोमध एक छोटं गोल मशीन, त्याच्या भोवती रिकामी जागा भरायला धातूची चौकट, आणि मशीनच्या डोक्यावर अर्धगोल रोटर, म्हणजे हाताबरोबर फिरून स्प्रिंगला चावी देणारं वजन. रोटर म्हटला की त्याला फिरायला गोल जागा लागते आणि वर-खाली मोकळीकही लागते. क्वार्ट्झमध्ये सेल, सर्किट आणि एवढीशी मोटर, सगळं शेजारी-शेजारी सपाट बसतं. हे दोन प्रकार एकाच जाडीच्या केसमध्ये बसतील, असं घड्याळं बनवणाऱ्या कंपनीने लिहावं? तुमच्या कारखान्यात ज्याने ही केस आखली त्याला हे पक्कं माहीत असणार. संकेतस्थळावर मात्र क्वार्ट्झचं माप उचलून ऑटोमॅटिकच्या रकान्यात चिकटवलंय आणि ते आजही तसंच आहे.

आता ‘कधीही काढा, कधीही घाला’ याबद्दल. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय की पूर्ण चावी बसल्यावर घड्याळ 40 तास चालतं. म्हणजे शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवलं तर रविवारी दुपारी दोनला बंद. तेही पूर्ण चावी बसली असेल तर. हा रोटर लहान आणि हलका आहे. कार्यक्रमात दोन-तीन तास खुर्चीत बसून राहिलं तर तो कितीसा फिरणार? शिवाय या मशीनला हाताने चावी देता येत नाही. क्राउन (बाजूची छोटी कळ) कितीही फिरवा, स्प्रिंगला काही जात नाही, घड्याळ हातात धरून हलवतच बसावं लागतं. ही गोष्ट संकेतस्थळावर कुठेही लिहिलेली नाही. मग वेळ लावायची, मग तारीख लावायची. आणि तारखेबद्दल पुस्तिका बजावते की काटे रात्री नऊ ते पहाटे तीन या दरम्यान असताना ती बदलू नका, गिअर बिघडतील. बंद पडलेलं घड्याळ नेमकं कुठल्या वेळेला थांबलंय, सकाळच्या की रात्रीच्या, हे काट्यांवरून कळत नाही. म्हणजे आधी काटे फिरवून तारीख कधी पलटते ते बघा, मग काटे सुरक्षित जागी आणा, मग तारीख, मग पुन्हा वेळ. दारात गाडी उभी असताना हे करायचं. क्वार्ट्झ कपाटातून काढायचं आणि मनगटावर बांधायचं. सेल दोन-तीन वर्षांनी बदलायचा. मी नेमकं हेच विचारलं होतं.

घड्याळ दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ऑटोमॅटिकचा तो स्वभाव आहे. रोज घालायचं गोल घड्याळ घ्यायचं असतं तर मीही ऑटोमॅटिकच घेतलं असतं. तो सेकंद काटा सरकताना बघायला मला मनापासून आवडतं.

आता आजचा फोन. हा मात्र सविस्तरच लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे ध्वनिमुद्रण असेल तर ते ऐकावं आणि ताडून बघावं.

मी सांगितलं की घड्याळ तुमच्या मापापेक्षा साडेतीन मिलिमीटर जाड आहे, बाही अडकते. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, ‘‘मॅडम, ऑटोमॅटिक थोडं जाड असतंच.’’ मग संकेतस्थळावर दोन्हींना 7.4 का? ‘‘ते अंदाजे असतं.’’ दशांश चिन्हापुढचा आकडा छापायचा आणि विचारलं की म्हणायचं अंदाजे! मी पुढे काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘‘तुम्ही जरा सैल कफचे शर्ट वापरून बघा ना.’’ मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, त्याच सुरात, आणि वर भर घातली, ‘‘किंवा कफचं बटण लावू नका.’’ तुमच्या घड्याळाची मापं चुकली म्हणून मी माझे शर्ट बदलायचे? मी स्वतःला आवरलं आणि चावीच्या मुद्द्यावर आले. ‘‘रोज घालायचं मॅडम, ऑटोमॅटिक आहे.’’ हे मी रोज घालणार नाही असं आधीच लेखी कळवलं होतं, असं सांगून मी रोटर, 40 तास, न बसणारी चावी हे सगळं एकेक करून मांडलं. माझं बोलून झाल्यावर तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला:

‘‘सर आहेत का जवळ? त्यांच्याकडे फोन द्या, ऑटोमॅटिकचं मी त्यांना समजावून सांगतो.’’

बिल माझ्या नावावर आहे. वॉरंटीची नोंदणी माझ्या नावावर आहे. पैसे माझ्या खात्यातून गेले. चॅट मी केलं, माप मी घेतलं, पुस्तिका मी वाचली, आणि त्या प्रतिनिधीपेक्षा त्याच्याच कंपनीच्या मशीनबद्दल मला जास्त माहिती होती. तरी समजावायचं कुठल्या तरी ‘सरां’ना, जे या व्यवहारात कुठेच नाहीत. मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटल्यावर मला ताटकळत ठेवलं. वरिष्ठ आले ते असं म्हणत की, ‘‘क्वार्ट्झ एंट्री लेव्हल असतं, तुमच्याकडे वरचं मॉडेल आहे, खाली कशाला येता?’’ आणि वापरलेला माल बदलून मिळत नाही. फोन संपला.

खाली कशाला येता, हे वाक्य तुमच्या कंपनीला शोभत नाही. तुमच्या कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर आयताकृती घड्याळांच्या परंपरेचा गौरव आहे. ती परंपरा 1917 च्या कार्टिए कंपनीच्या टँक घड्याळाची, 1931 साली पोलो खेळणाऱ्यांसाठी बनवलेल्या रिव्हर्सो घड्याळाची. टँक आखलं गेलं तेव्हा ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ अस्तित्वातच नव्हतं. ही घड्याळं हाताने चावी देण्याची होती, आत रोटर नव्हता, म्हणून ती बाहीखाली जाऊ शकली. बारीकपणा हाच या आकाराचा जीव आहे. आज टँकची कितीतरी मॉडेल्स क्वार्ट्झवर चालतात आणि ती घालणाऱ्यांना कोणी खालचं समजत नाही. सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा स्फटिक महिन्यात पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही, तीन मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या मशीनमध्ये बसतो आणि कपाटात पडून राहिला तरी चालत राहतो. माझ्या गरजेला तेच योग्य होतं. ऑटोमॅटिकला चार-पाच वर्षांनी उघडून सफाई आणि तेलपाणी लागतं, तो खर्चही ‘सेलची कटकट नाही’ म्हणताना तुम्ही सांगितला नाहीत.

तुमचं एक जुनं क्वार्ट्झ घड्याळ आमच्या घरात अजून बिनतक्रार चालतंय. त्याच विश्वासावर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं घड्याळ न बघता मी तुमच्याकडे आले होते. त्याच कंपनीची माणसं आज स्वतःच्या चांगल्या घड्याळाला हलकं म्हणतात, याचं मला फार वाईट वाटलं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे घड्याळ परत घ्या आणि त्याच डायलचं क्वार्ट्झ द्या. किमतीतला फरक मला परत करा. दोन्ही मॉडेल्सची जाडी वेगवेगळी आणि खरी छापा, हाताने चावी बसते की नाही तेही लिहा. ‘वापरलेला माल’ हे कारण मला पुन्हा देऊ नका. घातल्याशिवाय बाही अडकते हे कळणार कसं? आणि सैल कफचा सल्ला देणाऱ्या, ‘सरां’ना फोन द्या म्हणणाऱ्या प्रतिनिधीच्या वतीने मला लेखी माफी हवी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर चॅटची प्रत, कॅलिपरसह घेतलेले फोटो आणि तुमच्या संकेतस्थळावरच्या त्या पानाची आजची छापील प्रत घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. तिन्ही या पत्राला जोडली आहेत, मूळ प्रती माझ्याकडे आहेत. यापुढे फोन करू नये, मी तो घेणार नाही.

आपली,
बिलावर जिचं नाव आहे ती ग्राहक

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, चॅटची प्रत, फोटो, संकेतस्थळाच्या पानाची प्रत