या अर्जात ‘चूक कोणाची’चा रकाना नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘चूक कोणाची ते आधी सांग’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. आम्ही दोघं नवरा-बायको मिळून घटस्फोटाचा जो अर्ज करतोय, त्यात हे लिहावंच लागत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्पर संमतीचं कलम १३-ब त्यात १९७६ साली आलं. त्याआधी या कायद्याखाली वेगळं व्हायचं तर बहुधा दुसऱ्यावर काहीतरी आरोप करून तो सिद्ध करावा लागे. आता तीनच गोष्टी सांगायच्या: वर्षभर किंवा जास्त वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमलेलं नाही, आणि लग्न संपवायचं दोघांनी मिळून ठरवलंय.

मामा म्हणतो तसं स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली की झालं, असं नसतं. एखाद्या समाजात तशी पूर्वापार रूढी असेल तर गोष्ट वेगळी, आपल्यात नाही. कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर कायद्यानं लग्न तसंच राहतं.

अर्ज दाखल झाल्यावर किमान सहा महिने थांबायचं, मग पुन्हा दोघांनी कोर्टात जाऊन ‘अजूनही तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं. त्यासाठी अठरा महिन्यांपर्यंत वेळ असतो. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे ठरलेलं असेल, तर हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. आम्ही त्यात बसत नाही. थांबणार.

आणि इथेच मला तुमची काळजी वाटते. (तुम्हाला माझी वाटते, ते माहीत आहे.) हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल आहे. म्हणजे मधल्या काळात तुम्ही त्याच्या आईला फोन करून जाब विचारलात, तिकडून उलट उत्तर आलं, आणि तो चिडून ‘नाही देत संमती’ म्हणाला, तर सगळं मुळापासून. मग खरोखरच आरोप, पुरावे, साक्षीदार. तेव्हा फोन करू नका. चिऊच्या वाढदिवसाला ते आले तर नेहमीसारखं बोला, एवढं पुरे.

वकीलबाईंचा जोर कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींवर आहे. मोघम काही ठेवायचं नाही. चिऊ माझ्याकडे राहणार, तिला त्यानं कधी न्यायचं, सुट्ट्या कशा वाटायच्या, शाळेचा खर्च कोणी किती द्यायचा, सगळं लिहिलंय. पुढे परिस्थिती बदलली तर मुलांबाबतचा हुकूम बदलून मागता येतो, म्हणून त्याचं मला फारसं दडपण नाही. खरं डोकं खाल्लं ते फ्लॅटच्या कर्जानं. ते दोघांच्या नावावर आहे, आणि घटस्फोट झाला म्हणून बँक कोणाला मोकळं करत नाही. त्यामुळे फ्लॅट तो ठेवणार असेल तर आधी कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, असं ठरलंय.

आई, लग्नात कोणी काय दिलं ते तू वहीत लिहून ठेवलं होतंस ना? त्यातल्या दागिन्यांच्या पानांचे फोटो पाठव. स्त्रीधनाची यादी या आठवड्यातच द्यायची आहे.

तुमची,
मनू