अलाबामासाठी सेल्माचा पूलच हवा

महोदय,

अमेरिकेतल्या 50 राज्यांसाठी प्रत्येकी एक ओळखीची खूण निवडणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. ॲरिझोनाला ग्रँड कॅन्यन, न्यू यॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, यावर वादच नाही. पण अलाबामापुढे हंट्सव्हिलचे रॉकेट पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

सॅटर्न-5 या रॉकेटचे काम हंट्सव्हिलला झाले, माणूस चंद्रावर गेला तो त्याच्याच जोरावर, हे मान्य. तरी अलाबामाची खूण म्हणजे सेल्मा गावातला एडमंड पेटस पूल. 7 मार्च 1965 रोजी कृष्णवर्णीयांसाठी मतदानाचा हक्क मागत सुमारे 600 लोक या पुलावरून राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाले. पूल मध्ये उंच आहे, चढ संपेपर्यंत पलीकडचे दिसत नाही. माथ्यावर पोचल्यावर त्यांना खाली पोलिसांची फळी दिसली. तरी ते उतरत गेले. मग दंडुके, अश्रुधूर, अंगावर घातलेले घोडे. पुढे खासदार झालेले जॉन लुईस तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, त्यांची कवटी फुटली. त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह मोर्चा पुन्हा निघाला आणि माँटगोमेरीला पोचला. 6 ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. आणि पुलाला नाव कोणाचे? अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेतल्या सेनानीचे. ते आजही कमानीवर ठळक अक्षरांत आहे. अलाबामाबद्दल एवढे सांगणारी दुसरी जागा मला तरी दिसत नाही.

इलिनॉयसाठी तुम्ही शिकागोची गगनचुंबी इमारत घेतलीत. मी काहोकिया, हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे प्राचीन नगर, घेतले असते. इ.स. 1100 च्या सुमारास मेक्सिकोच्या उत्तरेला याहून मोठे नगर नव्हते. तिथली मुख्य टेकडी सुमारे 30 मीटर उंच, टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून माणसांनी रचलेली. मुलीकडे गेले असताना मी तिच्या पायऱ्या चढले. वरून मिसिसिपीपलीकडची सेंट लुईसची कमान स्पष्ट दिसते. ती पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतीचे स्मारक, पुरी झाली 1965 मध्ये. फोटो तिचेच सगळीकडे. टेकडीवर मात्र त्या दुपारी आम्ही दोघीच होतो.

साउथ डकोटाचे माउंट रशमोर, म्हणजे डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, वगळा असे मी म्हणणार नाही. पण 1868 च्या कराराने तो डोंगराळ मुलूख मूळ रहिवासी लकोटा लोकांचा ठरला होता, सोने सापडल्यावर सरकारने तो काढून घेतला, आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर करूनही त्यांनी पैसे नाकारून जमीनच मागितली, एवढे तरी फोटोखाली यायला हवे होते.

वाचकांची पसंती छापणार असाल तर अलाबामापुढे सेल्माचा पूल आणि इलिनॉयपुढे काहोकिया अशी माझी नोंद घ्यावी.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली