सातबाऱ्यावर तिचं नाव कधी येणार? महसूलमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीबद्दलचं पत्र महिला व बालविकास खात्याकडे जायला हवं, असं आपल्याकडे कोणी म्हणेल. मी मात्र ते विचार करूनच आपल्याला लिहिते आहे. चोपडा तालुक्यात तीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर अशा बायकांसोबत पोलीस ठाणं, अशा तक्रारी घेणारा संरक्षण अधिकारी आणि कोर्ट यांच्या पायऱ्या चढते. दर वेळी गाडी अडते ती आपल्याच खात्याच्या कागदापाशी.

मागच्या चैत्रात यावलकडची एक बाई रात्री माझ्या दारात उभी राहिली. केळीचे घड वाहणारी. साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कशानंच निघत नाहीत. डावा डोळा मिटलेला. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पोराचा शाळेचा दाखला. तक्रार द्यायला ती तयार होईना. "घर त्यानं शे, वावर त्यानं शे, मी कथा जाऊ, माय?" (घर त्याचं, शेत त्याचं, मी कुठं जाऊ?) एवढंच म्हणत राहिली.

माहेरच्या चार एकरांत तिचा हिस्सा होता. तीन वर्षांपूर्वी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला आला. झोके झाले, गौराईची गाणी झाली, आणि दोन दिवसांनी सज्ञान असलेल्या तिन्ही बहिणींना गाडीत बसवून त्यानं तालुक्याला नेलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यंत्र तिचा अंगठा घेईना. घासून घासून रेषाच बुजल्या होत्या. "पदराला पुसा," असं तिथला माणूस म्हणाला. चौथ्यांदा अंगठा उमटला आणि हक्कसोड झाली, म्हणजे तिनं आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याची नोंदणी झाली. तुझा हिस्सा किती, त्याची किंमत काय, नाही म्हणायचा तुला अधिकार आहे हे माहीत आहे का, यातलं काहीही तिला कोणी विचारलं नाही. भावानं साडी घेतली. आज तोच भाऊ म्हणतो, चार दिवस राहा, मग पोहोचवून येतो. तो दुष्ट नाही. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, हे तिनंही लहानपणापासून ऐकलेलं आहे. हिस्सा सोडला म्हणून माहेर टिकलं का, हे मात्र तिला त्या रात्री कळलं.

कारण विचारलं की लोक दारूकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन येतात अशा 70 टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं नोंदवलं आहे. पण न पिणाऱ्यांच्या घरांतही हे प्रमाण 23 टक्के आहे. त्या बायकांनी कुणाला दोष द्यायचा? कापसाचा भाव पडला, सोसायटीचं कर्ज थकलं की घरातला ताण वाढतो, हे मी दर हंगामात बघते. तरी कर्जाचा राग सावकारावर निघत नाही, तो चुलीपाशी बसलेलीवर निघतो, कारण ती कुठं जाणार नाही याची खात्री असते. ही खात्री बागायतदाराच्या बंगल्यातही असते. आणि नंदुरबारहून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या जोडप्याचा तर मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच हिशेब, धरतात. राबायचं दोघांनी, उचल घ्यायची नवऱ्यानं.

अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात केलेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर घर नाही की जमीन नाही, अशांपैकी 49 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. मला तो आकडा वाचून आश्चर्य वाटलं नाही. बाईला जायला जागा आहे हे माहीत असलं की उगारलेला हात पुष्कळदा तिथंच थांबतो.

कायदा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहण्याचा हक्क दिला. अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यात लिहिलं आहे. मी ज्यांच्यासोबत गेले त्यांतल्या एकीलाही 60 दिवसांत काही मिळालेलं नाही. शिवाय घर विकायला मनाई करण्याची सोय कायद्यात असली, तरी कोर्टाचा आदेश सातबाऱ्यावर दिसत नाही.

मी काही जगावेगळं मागत नाही. याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर केला होता. पुढं 1992 मध्ये सरकारनं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली, पण अर्ज नवऱ्यानं करायचा! मारणारा नवरा तो कशाला करेल? बायकोचं नाव सातबाऱ्यावर बहुतेकदा येतं ते वारस नोंदीत, कपाळ पांढरं झाल्यावर. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे बघा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा आहे. जंगलातल्या जमिनीला जो नियम लागतो, तो काळ्या कसदार वावराला का लागू नये? त्याच आदिवासी बहिणींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यामुळे बापाच्या जमिनीत त्यांना तोही आधार नाही. त्यांच्यासाठी वेगळा विचार करावाच लागेल.

आपल्या अधिकारात जे आहे तेवढंच मागते. हक्कसोडीची नोंदणी होण्याआधी अधिकाऱ्यानं बहिणीला भावांपासून बाजूला बसवून तिच्या भाषेत, आमच्याकडे अहिराणीत, हिस्सा समजावून सांगावा, आणि त्यानंतर महिनाभर थांबून मगच अंगठा घ्यावा. कोर्टानं राहण्याच्या हक्काचा आदेश दिला की तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तो सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात आपणहून चढवावा, म्हणजे विकत घेणाऱ्यालाही ते दिसेल. आणि सहहिस्सेदारीचा अर्ज पत्नीलाही करता यावा. त्यासाठी कायदा बदलावा लागणार असेल, तर तसं विधेयक आपण आणावं.

लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये खात्यात येतात तेव्हा आमच्या गावातल्या बायकांचे चेहरे खुलतात, हे मी पाहिलं आहे. पण केळीवाल्या बाईचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात होतं. ती पाच दिवस माझ्याकडे राहिली. सहाव्या दिवशी पोराची परीक्षा आहे म्हणून परत गेली. त्याच घरी. आता तिची धाकटी बहीण लग्नाची झाली आहे. हक्कसोडीच्या वेळी ती अल्पवयीन होती, तिचा हिस्सा अजून शाबूत आहे, आणि येत्या अखाजीला भाऊ तिलाही तालुक्याला नेणार असं घरात ठरलं आहे. नोंदणीचा आदेश त्याआधी निघावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
चोपडा तालुका, जि. जळगाव