सेरेसची वणवण कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर ऋतू कसे बदलतात याची रोमन कथा आली आहे. रात्रभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या हे पत्र लिहायला बसले. धान्याची देवी सेरेस आणि तिची लेक प्रॉसर्पिना यांची गोष्ट मराठी मुलांपर्यंत पोहोचली याचा मला खरं तर आनंदच झाला असता. पण लेखकाने तिला 'गोड प्रेमकथा' म्हटलं आहे आणि वर 'आपल्याकडच्या लेकी सासर-माहेर करतात, तसंच हे' अशी पुस्ती जोडली आहे. ती ओळ मला सहन झाली नाही.

सासर म्हटलं की मागणी आली, बोलणी आली, आईच्या हातची ओटी आली. इथे यातलं काय आहे? सिसिलीत एन्नाजवळ पेर्गुसाच्या तळ्याकाठी एक मुलगी फुलं वेचते आहे. पाताळाचा राजा प्लुटो येतो, तिला रथात घालतो आणि पाताळात नेतो. रोमन कवी ओव्हिडने 'मेटॅमॉर्फोसेस' या काव्याच्या पाचव्या भागात लिहिलं आहे की ती मैत्रिणींना हाका मारते आणि आईला त्याहून जास्त वेळा. झटापटीत तिचं वस्त्र फाटतं, ओच्यातली फुलं खाली पडतात, आणि ती इतकी लहान आहे की त्या फुलांचंही तिला वाईट वाटतं. ही गोड प्रेमकथा?

याच कथेत पुढे सेरेस ज्युपिटरसमोर उभी राहते. ज्युपिटर म्हणजे देवांचा राजा आणि मुलीचा बापच. ती त्याला म्हणते की लेक परत मिळत असेल तर तिला पळवल्याचंही मी सोसेन, पण लुटारू नवरा तुझ्या मुलीला शोभत नाही. त्यावर ज्युपिटर सांगतो की गोष्टींना त्यांची खरी नावं द्यायची तर हा अन्याय नव्हे, हे प्रेम आहे, आणि असा जावई मिळण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीने हे वाक्य बापाच्या तोंडी घातलं आणि आईचं म्हणणंही त्याच्या शेजारीच ठेवलं. तुमच्या लेखकाने बापाचं तेवढं उचललं, आईचं गाळलं.

आईचं सगळंच गाळलं आहे. 'आईने तिला शोधले' या तीन शब्दांत शोध संपतो. मूळ कथेत तो शोध हीच कथा आहे. सेरेस एटना पर्वताच्या आगीवर पाइनच्या दोन मशाली पेटवते आणि रात्रंदिवस हिंडते. पहाटेने तिला कधी बसलेलं पाहिलं नाही, सांजेनेही नाही. सायनी नावाच्या अप्सरेने प्लुटोला अडवलं होतं. त्या दुःखाने तिचं पाणी झालेलं असतं, तोंड उरलेलं नसतं म्हणून काही सांगता येत नाही. ती फक्त प्रॉसर्पिनाचा कमरपट्टा पाण्यावर तरंगवून दाखवते. तो ओळखल्यावर सेरेस केस उपटते, छाती बडवते, जणू मुलगी गेल्याचं तिला तेव्हाच कळलं.

हे मी इतक्या तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे. मी तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. १९८९ च्या स्नेहसंमेलनासाठी मी याच कथेवर वीस मिनिटांची नाटिका बसवली होती. सेरेस झालेली मुलगी आठवीतली होती, वर्गात फारशी न बोलणारी. पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लाल-पिवळा पतंगी कागद घेऊन तिने दोन मशाली घरी स्वतः केल्या होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. मुख्याध्यापकांनी विंगेत येऊन सांगितलं, बाई, दहा मिनिटांत उरका, ते शोधाबिधाचं काढा, फुलांचा नाच आणि लग्न ठेवा, टाळ्या त्यालाच पडतात. मी काढलं. टाळ्या पडल्या. ती मुलगी मशाली मांडीवर घेऊन विंगेत बसली होती. पडदा पडल्यावर तिने मला विचारलं, "बाई, मग तिला शोधलं कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापकांशी मी त्या दिवशी भांडायला हवं होतं. काल तुमच्या पानावर तीच कापाकापी पुन्हा पाहिली आणि आता गप्प बसणार नाही असं ठरवलं.

बाकीच्या चुकाही आहेत. आईचं नाव ग्रीक (डिमीटर) आणि मुलीचं रोमन. मुलीने पाताळात 'डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले म्हणून सहा महिने' तिथे राहायचं, हा हिशेब तर ओव्हिडकडे नाहीच. त्याच्या 'मेटॅमॉर्फोसेस'मध्ये दाणे सात आहेत, त्याच्याच 'फास्टी' या दुसऱ्या काव्यात तीन, आणि दोन्हीकडे आई आणि नवरा यांच्यात वर्षाची वाटणी निम्मी-निम्मी आहे. लेखात सेरेसच्या कोपाने 'सर्वत्र बर्फ पडले' असंही आहे. ओव्हिडची सेरेस सिसिलीतले नांगर मोडते, बैल आणि शेतकरी मारते, बियाणं नासवते. कधी ऊन फार, कधी पाऊस फार, पेरलेलं पाखरं टिपतात, रानात काटे आणि हरळी माजते. बर्फ कुठेच नाही. ही कोरडवाहू शेतकऱ्याची भीती आहे, आणि तुमचा निम्मा वाचकवर्ग ती ओळखतो.

सिसिलीत गहू पावसाळा लागला की, म्हणजे शरद ऋतूत पेरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कापतात. हिवाळ्यात रान हिरवं असतं, भर उन्हाळ्यात उघडं पडतं. आमच्या सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीचंही पेरायचं वेळापत्रक साधारण असंच. काही अभ्यासकांनी म्हणूनच सुचवलं आहे की मुलगी जमिनीखाली असते तो काळ म्हणजे बियाण्याचं धान्य उन्हाळाभर जमिनीखालच्या कोठारात असण्याचा काळ. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आजोळचं पेव आठवलं. झाकण काढल्यावर लगेच कुणाला आत उतरू देत नसत. आतली हवा कोंडलेली असायची, आधी कंदील सोडून बघत. तिथून वर आलेली ज्वारी पुढे पेरायला जायची. मुलांना कथा समजावून सांगायला ते पेव पुरेसं होतं, सासर-माहेर कशाला आणायचं?

चित्राबद्दलही तक्रार आहे. तुम्ही छापलेलं शिल्प बर्निनीचं आहे, १६२१-२२ मधलं, रोमच्या बोर्गेझे संग्रहालयातलं. शिल्पकाराचं नाव कुठेच नाही, आणि चित्र असं कापलं आहे की प्रॉसर्पिनाचा चेहरा अर्धाच दिसतो. त्या संगमरवरी गालावर अश्रू कोरलेला आहे. नेमका तोच भाग कात्रीत गेला. शिवाय मुलांच्या पानावर पिवळ्यावर पांढरी अक्षरं छापणं आता थांबवा. नातवाला वाचून दाखवताना मला भिंग घ्यावं लागलं, आणि त्यालाही ती नीट दिसत नव्हती.

पुढच्या रविवारी याच पानावर सेरेसचा शोध सविस्तर छापावा, मशालींसकट आणि त्या कमरपट्ट्यासकट. लेखकांना वेळ नसेल तर मी लिहून देते, मानधन नको. फक्त शब्दमर्यादेसाठी काही काढायचं झालं तर आधी मला विचारा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर